ख्रिस्ती ऐक्य आणि मराठी ख्रिस्ती परिभाषा

ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याचा इतिहास बहुधा परिषदांचा आणि ठरावांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १९१० ची एडिंबरो येथील मिशनरी परिषद, १९४७ साली मद्रास येथे झालेली ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ची स्थापना, १९४८ साली ॲम्स्टरडॅम येथे अस्तित्वात आलेली जागतिक चर्च परिषद, १९६४ सालचा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ऐक्यविषयक आदेश आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे झालेली ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना, एवढे टप्पे सांगितले की विषय संपला, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो. या इतिहासात भाषेचे स्थान केवळ वाहनाचे राहते. वस्तुतः पंथ ज्या शब्दांवरून विभक्त झाले आणि ज्या शब्दांच्या आधारे पुन्हा जवळ आले, ते शब्द हे या इतिहासातील एक स्वतंत्र प्रकरणच होय. मराठीपुरते पाहता त्याचे महत्त्व अधिकच आहे. ऐक्याचे मसुदे इंग्रजीत लिहिले गेले. प्रार्थना मात्र मराठीत होत राहिली. मसुद्यात जे जुळले ते प्रार्थनेच्या भाषेतही जुळले काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारावयाचा आहे.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करून घेणे अवश्य आहे. दोन पक्षांतील मतभेद भाषेच्या अंगाने दोन प्रकारचे असू शकतात. कधी दोन पक्ष एकच आशय दोन शब्दांनी सांगतात आणि शब्द निराळे म्हणून आशयही निराळा असे समजून भांडतात. कधी ते एकच शब्द उच्चारतात, पण त्याचे अर्थ दोन असतात. आणि शब्द एक असल्याने ऐक्य झाल्याचा भास होतो. पहिल्या प्रकारात विवेचनाने भांडण मिटते. दुसऱ्या प्रकारात विवेचन जितके सूक्ष्म, तितके भांडण उघडे पडते. ऐक्याच्या चळवळीचे यशापयश पुष्कळ अंशी या दोन प्रकारांतील फरक ओळखण्यावर अवलंबून राहिले आहे.

पहिल्या प्रकाराचे नमुनेदार उदाहरण चौथ्या शतकातील आहे. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी बोलताना कोणी ईश्वरात तीन ‘हिपोस्तासिस’ आहेत असे म्हणत, तर कोणी एकच ‘हिपोस्तासिस’ आहे असे म्हणत. लॅटिन भाषिकांची अडचण आणखी मोठी होती. कारण ‘हिपोस्तासिस’ या ग्रीक शब्दाची घटकशः फोड केली तर त्यांचाच ‘सुब्स्तान्तिया’ हा शब्द हाती येतो, आणि तीन ‘सुब्स्तान्तिया’ म्हणजे तीन ईश्वर! इ. स. ३६२ मध्ये अलेक्झांड्रिया येथील धर्मसभेत अथनासियसने दोन्ही पक्षांना, त्यांच्या शब्दाचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ विचारण्याचा मार्ग स्वीकारला. ‘तीन’ म्हणणाऱ्यांनी तीन ईश्वर मानण्याचा आरोप नाकारला. ‘एक’ म्हणणाऱ्यांनी पिता, पुत्र आणि आत्मा यांतील भेद नाकारल्याचा आरोप नाकारला. आणि दोघांनी परस्परांची श्रद्धा निर्दोष असल्याचे मान्य केले. शब्दार्थविचाराने साधलेल्या ऐक्याचे याहून स्वच्छ उदाहरण ख्रिस्ती इतिहासात क्वचितच आढळेल. पाचव्या शतकातील परिषदांनंतर दुरावलेल्या प्राचीन पौर्वात्य चर्चांच्या बाबतीत हीच पद्धती पुन्हा वापरावयास मात्र दीड सहस्र वर्षे जावी लागली. १९७३ साली सहावे पोप पॉल आणि कॉप्टिक चर्चचे प्रमुख तिसरे शेनूदा यांनी, तसेच १९९४ साली दुसरे पोप जॉन पॉल आणि असीरियन चर्चचे प्रमुख चौथे मार दिन्खा यांनी जी संयुक्त निवेदने केली, त्यांत वादग्रस्त पारिभाषिक शब्दांच्या मागे असलेली समान श्रद्धा शोधण्याचाच प्रयत्न आहे.

मराठी ख्रिस्ती परिभाषा दोन प्रवाहांतून घडली. एक प्रवाह सोळाव्या-सतराव्या शतकातील. गोवा, साष्टी आणि वसई या प्रदेशांतला. पोर्तुगीज आणि लॅटिन भाषांच्या द्वारे आलेला. दुसरा एकोणिसाव्या शतकातील. सेरामपूर, मुंबई आणि अहमदनगर येथील छापखान्यांतून, बायबलच्या भाषांतरातून आणि इंग्रजीच्या मध्यस्थीने आलेला. कॅरीचा मराठी नवा करार १८११ सालचा. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले ते १८१३ साली. या दोन प्रवाहांत सुमारे दोन शतकांचे अंतर आहे. दुसऱ्या प्रवाहातील लेखक पहिल्याकडे वारसा म्हणून पाहत नव्हते, आणि बहुधा त्याची ओळखही बाळगीत नव्हते.

असे असूनही लोकव्यवहारात शब्दांनी पंथांची शिव मानली नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज. पण तो प्रॉटेस्टंटांच्याच नव्हे, तर सर्व मराठी भाषिकांच्या तोंडी बसला. ‘पाद्री’ हा कॅथलिक धर्मगुरूंचा वाचक शब्द मराठीने निःशंकपणे अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनाही लावला. ‘क्रूस’चेही तसेच. प्रॉटेस्टंट भाषांतरात ‘वधस्तंभ’ आला. तो अर्थवाही खरा, परंतु भजनात आणि बोलण्यात ‘क्रूस’ टिकून राहिला. उलट ‘संत’ या शब्दाचा योगायोग पाहण्यासारखा आहे. पोर्तुगीज ‘सांतु’ आणि मराठी ‘संत’ यांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. एक लॅटिन ‘सान्क्तुस’पासून, दुसरा संस्कृत ‘सत्’पासून. पण ध्वनिसाम्याने कॅथलिक मराठीत ‘संत पौल’, ‘संत योहान’ हे प्रयोग सहज रुजले. प्रॉटेस्टंट भाषांतराने मात्र नव्या करारातील त्या शब्दासाठी ‘पवित्र जन’ असा प्रतिशब्द घेतला आणि पौलाला नुसता पौलच ठेवले. संतांच्या मध्यस्थीविषयीचा सोळाव्या शतकातील युरोपीय वाद अशा रीतीने एका मराठी विशेषणाच्या असण्या-नसण्यात येऊन ठेपला आहे.

खरा दुरावा दिसतो तो संस्थावाचक नामांत. नव्या करारातील ‘एक्लेसिया’ या शब्दासाठी प्रॉटेस्टंट मराठीत ‘मंडळी’ आणि कॅथलिक मराठीत ‘ख्रिस्तसभा’ हे शब्द प्रचलित आहेत. वरवर पाहता हे पर्याय होत. तथापि त्यांचा अर्थपरिवार निराळा आहे. ‘मंडळी’ हा मराठी घरगुती जीवनातला शब्द. घरची मंडळी, पाहुणे मंडळी, कीर्तनाला जमलेली मंडळी. एकेकाळी तर ‘आमची मंडळी’ म्हणून पत्नीचाही निर्देश होई. जमलेली, परस्परांना ओळखणारी, मोजता येतील एवढी माणसे हा त्याचा गाभा होय. स्थानिक उपासकसमूह हेच चर्चचे मूळ रूप मानणाऱ्या काँग्रिगेशनल परंपरेला, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेला, याहून अनुरूप शब्द मिळता ना. ‘सभा’ या शब्दात मात्र अध्यक्ष, नियम आणि अधिकार गृहीत असतात. आणि ‘ख्रिस्तसभा’ म्हटले की गावोगावच्या समूहांपलीकडे असलेली एक विश्वव्यापी संस्था डोळ्यांसमोर येते.

येथे व्याकरणाची एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. ‘मंडळी’चे अनेकवचन ‘मंडळ्या’ असे होते, आणि पौलाच्या पत्रांच्या मराठी भाषांतरात ते सहजपणे येते. ‘सभा’ हा आकारान्त तत्सम स्त्रीलिंगी शब्द असल्याने त्याचे अनेकवचन एकवचनासारखेच राहते. म्हणजे एका परिभाषेत चर्च अनेक आहेत हे शब्दरूपच सांगते; दुसरीत अनेकत्व शब्दरूपात उमटतच नाही. व्याकरणातून धर्मशास्त्र काढणे धोक्याचे आहे. शब्द निवडताना कोणी हा विचार केला असेल असे मुळीच नव्हे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या एखादा शब्द वापरल्यावर त्याच्या रूपाचे वळण विचारालाही लागते, हे नाकारता येत नाही. ‘सर्व मंडळ्यांनी एकत्र यावे’ हे वाक्य प्रॉटेस्टंट श्रोत्याला स्वाभाविक वाटते. कॅथलिक परिभाषेत त्याचे रूपांतर करू पाहता वाक्य अडखळते; कारण जी एकच आहे तिने कोणाशी एकत्र यावयाचे? ऐक्यासंबंधीच्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट भूमिकांतील मूलभूत अंतर या अडखळण्यात पुरेसे व्यक्त झाले आहे.

‘बाप्तिस्मा’ या शब्दाची कथा याच्या उलट आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडविणे असा. तान्ह्या मुलांवर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणारे पंथ आणि विश्वास कबूल केलेल्या प्रौढांनाच पाण्यात बुडवून तो देणारे पंथ यांच्यात या क्रियापदाचे भाषांतर हाच वादाचा विषय झाला. बंगालमधील बॅप्टिस्ट भाषांतरकारांनी बंगाली नव्या करारात बुडविण्याचा अर्थ स्पष्ट करणारा शब्द घातला. ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने अशा भाषांतरास साहाय्य देण्याचे नाकारले. परिणामी १८४० साली बॅप्टिस्टांनी भाषांतरासाठी स्वतंत्र संस्था काढली. शब्दाचे भाषांतर केल्यामुळे फूट पडल्याचे हे उदाहरण आहे.

मराठीने येथे भाषांतर टाळले. ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक ध्वनींचा समूह तसाच उचलला गेला, आणि त्यास मराठीत पूर्वीचा कोणताच अर्थ नसल्याने पाणी किती, कोणत्या वयात, हे प्रश्न त्याने उपस्थित केले नाहीत. न अनुवादिलेला शब्द हा तटस्थ भूमीसारखा असतो. १९७० च्या ऐक्यात अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, डिसायपल्स आणि ब्रदरेन असे सहा प्रवाह एकत्र आले. यांतील ब्रदरेन तर पाण्यात तीनदा बुडवून बाप्तिस्मा देणारे. नव्या चर्चने शिशूंचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती पर्याय म्हणून मान्य केल्या. मराठी उपासकाच्या दृष्टीने त्याच्या शब्दकोशात काहीच बदलले नाही. दोन्हींचे नाव आधीपासून एकच होते.

मात्र हे एकशब्दत्व फसवेही आहे. शिशूचा बाप्तिस्मा मानणाऱ्याच्या मते त्या विधीत कर्ता ईश्वर असतो. बाळ केवळ ग्रहण करते. प्रौढाचा बाप्तिस्मा मानणाऱ्याच्या मते त्यात माणसाच्या कबुलीला निर्णायक स्थान आहे. बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने प्रौढपणी तो पुन्हा मागितला तर काय करावे, हा प्रश्न ऐक्ययोजनेच्या चर्चेत अवघड ठरला तो यामुळेच. पहिल्याच्या दृष्टीने ती मागणी पुनरुक्ती आहे, दुसऱ्याच्या दृष्टीने ती पहिलीच उक्ती होय. हा ‘एक शब्द, दोन अर्थ’ या प्रकाराचा नमुना. धर्मसेवकांच्या एकीकरणाच्या विधीतही असेच घडले. परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून केलेल्या प्रार्थनेत, ज्याला ज्या दानाची उणीव असेल ते ईश्वराने द्यावे, अशा आशयाची योजना होती. ही नवी दीक्षा की नव्हे, हे जाणूनबुजून सांगितले नव्हते. त्यावर संदिग्धतेचा आक्षेप आला. आक्षेप खरा आहे; पण संदिग्धता आणि लबाडी या एक नव्हेत. ज्या प्रश्नाचे उत्तर ईश्वराकडे सोपवावयाचे असे सर्वांचे मत आहे, त्याची भाषा संदिग्ध असणे हीच तिची अचूकता, असेही म्हणता येईल. बाप्तिस्म्याच्या बाबतीत मात्र हा बचाव तितकासा लागू पडत नाही. तेथे प्रश्न माणसांच्याच कृतीचा आहे.

कॅथलिक मराठीत याच विधीला ‘स्नानसंस्कार’ असेही म्हटले जाते. येथे अर्थ उघड आहे, आणि ‘संस्कार’ हा शब्द तर जातकर्मापासून अंत्येष्टीपर्यंतच्या हिंदू परंपरेतून थेट आलेला. प्रॉटेस्टंट मराठी ‘विधी’ म्हणते. संस्कार माणसात काही पालट घडवितो. विधी केला जातो. संख्येचा वाद (कॅथलिकांचे सात, प्रॉटेस्टंटांचे दोन) सर्वांना ठाऊक असतो. शब्दांतील हा क्रियाभेद सहसा लक्षात येत नाही.

याहून सूक्ष्म, आणि परिणामाने मोठे, असे एक स्थळ आहे. धर्मसुधारणेच्या काळातील मध्यवर्ती वाद मनुष्य ईश्वरापुढे नीतिमान कसा होतो याविषयीचा होता. लॅटिन ‘यूस्तिफिकारे’ या शब्दाची फोड ‘न्यायी करणे’ अशी होते, आणि १५४७ साली ट्रेंट परिषदेने ईश्वरी कृपेने माणूस आतून खरोखर पालटतो यावर भर दिला. ल्यूथरच्या परंपरेने मूळ ग्रीक क्रियापदातील न्यायालयीन अर्थ पुढे आणला: ईश्वर पाप्याला नीतिमान म्हणून जाहीर करतो. मराठी प्रॉटेस्टंट बायबलने यासाठी ‘नीतिमान ठरविणे’, ‘नीतिमान ठरणे’ ही क्रियापदे योजिली. ‘ठरणे’ हे मराठीतील अत्यंत समर्थ क्रियापद. दोषी ठरतो, पात्र ठरतो, खोटा ठरतो. वस्तू आत जशी असेल तशी असो, तिच्याविषयी निर्णय झाला म्हणजे ती ‘ठरली’. न्यायालयीन अर्थासाठी याहून चपखल शब्द मिळणे कठीण. म्हणजेच मराठी भाषांतराने, कदाचित कोणताही वाद मनात न आणता, एका क्रियापदात सोळाव्या शतकातील वादाचा निकाल देऊन टाकला.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे ल्यूथरन जागतिक महासंघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी या सिद्धांताविषयी संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या. २००६ साली जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. मूलभूत सत्यांवर एकमत आहे आणि उरलेले भेद त्या एकमताला बाधक नाहीत, अशी त्याची भूमिका. क्षमा आणि पालट, जाहीर करणे आणि घडविणे, ही एकाच कृपेची दोन अंगे असल्याचे त्यात मानले आहे. हा जाहीरनामा मराठीत सांगावयाचा तर ‘ठरविणे’ या एका क्रियापदाने तो सांगता येणार नाही. ‘ठरविणे’ आणि ‘करणे’ यांना शेजारी ठेवणारे नवे वाक्य रचावे लागेल. अशी वाक्ये रचण्याचे काम ऐक्याच्या कार्याचाच भाग आहे, ही जाणीव मराठी धर्मलेखनात अजून पुरेशी रुजलेली दिसत नाही.

परिभाषेच्या या पार्श्वभूमीवर साहित्यकृतींकडे पाहिले असता चित्र बदलते. फादर थॉमस स्टीफन्स हा मराठीतील पहिला थोर ख्रिस्ती कवी स्वतःच पंथभेदाच्या झळा सोसून आलेला होता. एलिझाबेथकालीन इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर निर्बंध असताना तो देश सोडून रोमला गेला, जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्यास आला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. या काव्याच्या रोमन लिपीतील परंपरेत ‘स्पिरितु सांतु’सारखे परकी शब्द जागोजाग येतात, मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात अशा शब्दांच्या जागी बहुधा संस्कृतोद्भव शब्द दिसतात. यांतील मूळ पाठ कोणता, हा वाद येथे बाजूस ठेवला तरी चालेल. अधिक महत्त्वाचे हे की, १९२३ साली या देवनागरी पाठाकडे विद्वानांचे लक्ष वेधणारे जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे स्टीफन्सच्या पंथाशी उभे वैर असलेल्या परंपरेतील होते. आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ती काढली. जे एका वेदीपुढे एकत्र येऊ शकत नव्हते ते एका ओवीपुढे आले.

पंडिता रमाबाईंचा प्रयत्न निराळ्या जातीचा आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु आपण ख्रिस्ताच्या चर्चच्या सभासद असलो तरी धर्मगुरूंच्या तोंडून निघेल तो प्रत्येक शब्द मानण्यास बांधलेल्या नाही, हे त्यांनी १८८५ मधील पत्रव्यवहारात निःसंदिग्धपणे कळविले. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा असलेले शब्द टाळून साध्या मराठीत मूळ अर्थ आणावा, अशी त्यांची धारणा होती. पंथांच्या परिभाषांना वळसा घालून सरळ मुळाशी जाणे, हा ऐक्याचा एक मार्गच होय. पण शब्दाला प्रामाण्य मिळते ते समूहाच्या वापराने. एकटीने घडविलेली ही भाषा कोणत्याही पंथाच्या उपासनेत प्रमाण पाठ म्हणून रूढ झाली नाही.

नारायण वामन टिळक यांनी मुळाशी जाण्याऐवजी रूपकाचा आश्रय घेतला. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले. आणि १९१७ साली, मिशनच्या नोकरीतून मुक्त होऊन, त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य त्यात यावेत, ही कल्पना. टिळकांचे चरित्रकार या घटनेचे वर्णन बहुधा भारतीयीकरणाच्या संदर्भात करतात, आणि ते योग्यच आहे. पण शब्दयोजनेच्या दृष्टीने पाहता त्यांनी ‘मंडळी’ हा शब्द टाकून ‘दरबार’ हा शब्द घेतला, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. मंडळीत माणूस असतो किंवा नसतो. दरबारात माणूस येतो. पहिल्या शब्दात सभासदत्व आहे, दुसऱ्यात उपस्थिती. सभासदत्वाचा प्रश्नच उद्‌भवत नसल्याने बाप्तिस्म्याचा, आणि पर्यायाने पंथाचा, प्रश्नही गळून पडतो.

ही योजना प्रतिभावंताची आहे यात शंका नाही. तथापि तिची दुर्बलताही त्याच शब्दात आहे. दरबार भरण्यासाठी कोणीतरी तो भरवावा लागतो. टिळक १९१९ साली निवर्तले, आणि त्यांच्यामागे दरबार संस्था म्हणून उभा राहू शकला नाही. उरली ती त्यांची पदे. ती मात्र पंथापंथांच्या भिंती ओलांडून आजही गायिली जातात. याचे कारण टिळकांच्या पदांतील भावोत्कटता, असे सांगून भागणार नाही. त्या रचनेत एक व्याकरणिक विशेष आहे. अभंगपरंपरेप्रमाणे तेथे बोलणारा ‘मी’ आणि ज्याच्याशी बोलावयाचे तो ‘तू’ असे दोघेच असतात. ख्रिस्त तेथे गुरू होतो, माता होतो. संबोधन हीच वाक्याची मुख्य विभक्ती होते. चर्च, धर्मगुरू, संस्कार ही तृतीयपुरुषी नामे, म्हणजे नेमकी वादाची नामे, त्या वाक्यात शिरतच नाहीत. म्हणून भजनाचे ऐक्य हे अंशतः मौनाचे ऐक्य आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण भजन संपल्यावर भाकर आणि द्राक्षारस कोणी कोणाला द्यावयाचा, हे भजन सांगू शकत नाही.

आणि खरे अडते ते तेथेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाव दिल्यानंतर कॅथलिक मराठीला लॅटिनच्या सावलीबाहेर येऊन स्वतःची उपासनाभाषा घडवावी लागली. १९६८ साली बायबल सोसायट्यांचा जागतिक संघ आणि व्हॅटिकन यांनी आंतरपंथीय भाषांतराची तत्त्वे ठरविली. २०१० साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आले, त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला, आणि त्याचा वाचकवर्ग पंथाच्याच नव्हे, तर धर्माच्याही सीमेबाहेरचा ठरला. ग्रंथाच्या पातळीवर दोन प्रवाह आज जितके जवळ आहेत तितके पूर्वी कधी नव्हते. पण प्रॉटेस्टंट ‘प्रभुभोजन’ म्हणतो आणि कॅथलिक ‘मिस्सा’ किंवा ‘मिस्साबलिदान’ म्हणतो. एका शब्दात पंगत आहे, दुसऱ्यात यज्ञ. हे पर्याय नव्हेत.

१९८२ साली जागतिक चर्च परिषदेच्या ‘श्रद्धा आणि व्यवस्था’ आयोगाने लीमा येथे बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि धर्मसेवा यांविषयी जो दस्तऐवज तयार केला, त्यात भोजन आणि बलिदान यांना जोडणारा दुवा म्हणून ‘अनाम्नेसिस’, म्हणजे स्मरण, या ग्रीक शब्दावर भर दिला आहे. हे स्मरण केवळ गतकाळाची आठवण नसून ज्याचे स्मरण करावयाचे त्याची प्रभावी उपस्थिती होय, असा त्याचा आशय. प्रॉटेस्टंट मराठी बायबलात या ठिकाणी ‘स्मरणार्थ’ असा शब्द आहे. मराठी वाचकाला तो कोठे भेटतो? धर्मशाळेच्या भिंतीवरील फरशीवर, शाळेला दिलेल्या कपाटावर, कैलासवासी अमुक यांच्या नावाखाली. स्मरणार्थ म्हटले की व्यक्ती गेलेली आहे, हे निश्चित होते. १५२९ साली मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली यांच्यात जी फूट पडली, तीत झ्विंग्लीचा पक्ष या एका मराठी शब्दाने अजाणता उचलून धरला आहे.

आश्चर्य हे की, दुसरा अर्थ मराठीत अनुपस्थित नाही. किंबहुना तोच अधिक जुना आणि अधिक रुळलेला आहे. नामस्मरण करणारा वारकरी विठ्ठलाची आठवण काढीत नसतो. नाम घेताक्षणी नामी तेथे उभा असतो, अशी त्याची धारणा आहे. ‘स्मरण’ हाच शब्द. फरक पाडतो तो ‘अर्थ’ हा उत्तरपदीचा प्रत्ययसदृश घटक. मराठी ख्रिस्ती उपासनाग्रंथांची, प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही बाजूंच्या, शब्दशः तुलना करून परिभाषेचा पंथनिर्देशासह कोश तयार करण्याचे काम एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हाती घेतले, तर त्याला प्रथम तपासावी लागेल ती याच एका शब्दाची नोंद.